गाल फुगवायचे नाहीत

मला बिगूल वाजवायचा होता आणि तो मला पहिल्याच दिवशी मिळेल अशी माझी खात्री होती. का मिळू नये? छाती भरलेली होती, आवाज मोठा होता. धामणगाव बढ्याला आमच्या शेताच्या एका धुऱ्यावरून मी हाक मारली की दुसऱ्या धुऱ्यावरचा सालदार हातातलं काम सोडून बघायचा. एवढा दम अंगात असल्यावर पितळेच्या नळीत फुंकायचं ते काय मोठं काम, असं माझं सरळ गणित होतं. त्या वर्षी चिखलीच्या आमच्या हायस्कुलात नवा बँड निघणार होता. नाव द्यायच्या रांगेत मी धक्काबुक्की करून सगळ्यांच्या पुढे उभा राहिलो.

बँड शिकवायला जे मास्तर आले ते पलटणीतून निवृत्त झालेले होते. उंच, वाळलेले, मिशीला तेल लावलेलं आणि बोलणं अर्धं वऱ्हाडी, अर्धं हिंदी. त्यांनी आम्हाला रांगेत उभं केलं आणि शिपायाकडून वाद्यांची मोठी लाकडी पेटी आणवली. झाकण उघडलं. आत ड्रम होते, झांजा होत्या, बासऱ्या होत्या आणि सगळ्यांच्या वर एक बिगूल होता, जुना, दोन-चार ठिकाणी पोचे पडलेला. आम्ही सगळे पुढे वाकलो. मास्तरांनी झाकण लावलं आणि कुलूप घातलं.

"पाह्यलं ना? बस. आता दिवाळीपर्यंत ही पेटी उघडत नसते. पहिले कान, मंग पाय, मंग हात न् तोंड," ते म्हणाले.

मग त्यांनी नव्या पोरांकडून काय काय पाहिजे ते सांगितलं. रोज दातवण करून यायचं. नखं वाढलेली दिसली तर घरी परत. तोंडात सुपारी सापडली तर बँडातून कायमचं बाहेर, मग बाप कोणी का असेना. उपाशी पोटी यायचं नाही, पण भाकर खाल्ल्या खाल्ल्याही यायचं नाही. शेजारचा चुकला तर त्याच्याकडे बघायचं नाही, आणि आपण चुकलो तर अजिबात थांबायचं नाही. हे शेवटचं मला आवडलं. बाकीचं ऐकून माझं डोकं तापलं होतं. वाद्य न देता वाद्य शिकवणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

पुढे जे चाललं त्याला कोणी बँड म्हटलं नसतं. आम्ही टाळ्या वाजवायचो. मास्तर काठी आपटायचे आणि आम्ही त्या ठेक्यावर मैदानात चालायचो. डावा पाय, उजवा पाय. ज्यांना ड्रम हवे होते त्यांना मास्तरांनी कापसाच्या जिनातून सरकी भरलेली पोती आणून दिली आणि त्यांच्यावर काड्या मारायला बसवलं. दुपारभर पोरं पोती बडवायची आणि आवाज म्हणून नाही. मोहरमला ताशा वाजवणारं एक पोरगं त्यात होतं. रंगात आलं की त्याचा हात आपोआप भरभर चालायचा, आणि मास्तर त्याच्या मागे उभे राहून सांगायचे की बाबा, ही कवायत आहे, मोहरमची सवारी नाही, तू पुढे पळालास तर पाय कोण टाकेल.

आणि आम्हा फुंकणाऱ्यांना त्यांनी विचारलं, "घरी चूल हाय ना? फुंकणी हाय ना? मंग मायले म्हना, आजपासून चूल मी पेटवतो. लांब दमानं फुकायचं. अन् गाल फुगवायचे नाई. हवा पोटातून आली पाह्यजे. गालात हवा भरली का मानसाचा बेडूक होते."

अख्ख्या चिखलीतल्या चुली त्या पावसाळ्यात आमच्या वर्गाने पेटवल्या असतील. आयांना वाटलं, शाळेत पोरांना वळण लावताहेत. मी राहत होतो मावशीकडे, म्हणजे आईच्या थोरल्या बहिणीकडे. मावशी विधवा होती, तिला मूलबाळ नव्हतं. माझ्या शिक्षणाची सोय म्हणून वडिलांनी मला घाटावर चिखलीला तिच्याकडे ठेवलं होतं. तिचा माझ्यावर फार जीव. मी चुलीपुढे बसून गाल आत ओढून फुंकायचो आणि ती माझ्याकडे बघत कणीक मळायची.

"दातं दुखते का रे?" तिनं एकदा विचारलं.

"शिकून राह्यलो," मी म्हणालो.

"चूल पेटवाले शाळा लागते, हे मले मालूम नव्हतं बाप्पा."

मी चिडलो. मी तसा पटकन चिडायचो, अजूनही चिडतो. पण फुंकणी सोडली नाही. एकदा मैदानात न राहवून मी मास्तरांना विचारलंच, की बिगूल नेमका कधी मिळणार. मास्तरांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काऊन बे, तुले काय लढाईवर जायचं हाय?" पोरं खिदळली. मी तसाच तरातरा घरी निघून गेलो आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी मैदानात हजर झालो.

बिगुलासाठी आम्ही दोघं उमेदवार होतो. दुसरा होता कल्हईवाल्याचा मुलगा. त्याचे वडील गल्लोगल्ली भाता घेऊन फिरायचे आणि झाडाखाली भट्टी लावून लोकांच्या भांड्यांना कल्हई करून द्यायचे. मुसलमान कुटुंब, घर बाजारामागच्या गल्लीत. तो शांत पोरगा होता. मी दहा वाक्यं बोलायचो तेव्हा तो एक बोलायचा, आणि ते एक माझ्या दहांना पुरून उरायचं. मास्तरांनी मुद्दाम दोघं ठेवले होते. एकाला ताप आला तर दुसरा पाहिजे, असा पलटणीचा नियम होता म्हणे. सुरुवातीला मी त्याच्याकडे आडवं बघायचो. मग सोबत टाळ्या वाजवून, सोबत पाय आपटून, सोबत बोलणी खाऊन आमची दोस्ती झाली. कशी झाली ते मलाही सांगता येणार नाही.

दिवाळीची सुट्टी संपली आणि पेटीचं कुलूप उघडलं. बिगुलाला जिथं ओठ लावायचे तो भाग वेगळा निघतो. तळाशी नळी आणि वर छोट्या वाटीसारखा पितळी गोल. आम्ही त्याला वाटीच म्हणायचो. बिगूल एक, वाटी एक. मास्तरांनी आधी माझ्या दोस्ताला फुंकायला लावलं. मग वाटी हौदावर धुतली, स्वच्छ फडक्याने पुसली आणि माझ्या हातात दिली. मी फुंकलं. अडलेली म्हैस ओरडावी तसा आवाज निघाला. पण निघाला. पहिल्याच फुंकरीला निघाला. मास्तरांनी मान हलवली आणि म्हणाले, "चूल चांगली पेटवलेली दिसते."

मी घरी उड्या मारत गेलो आणि मावशीला सगळं सांगितलं. आधी त्याने कसं फुंकलं, मग मी कसं फुंकलं, मास्तर काय म्हणाले. मावशी विळीवर भोपळा चिरत होती. तिचा हात थांबला.

"म्हंजे त्याच्या तोंडातलं तू तोंडात घातलं?"

"धुतलं होतं ना."

"पान्यानं धुतलं. पान्यानं काय होते?"

तिनं मला अंगणातच थांबवलं. चूळ भरायला लावली, आंघोळ घातली, शाळेचा सदरा खुंटीवर न टाकता वेगळा ठेवला. उष्टं ते उष्टं, त्यात जातीबाहेरचं. मग माझा तोल गेला. मी म्हणालो, तुझ्या घरातलं प्रत्येक पातेलं त्याच्याच बापाच्या हातचं आहे, तो कल्हई करतो तेव्हा चालतं, मग आता काय झालं? मला वाटलं, आता मावशीची बोलती बंद केली.

मावशी शांतपणे म्हणाली, "कल्हई इस्तवावर लागते. इस्तवातून निंगालं का सगळं चोख. तुही नळी कोन्त्या इस्तवातून निंगाली?"

त्या रात्री मी ताटावरून उठलो. मावशीही जेवली नाही. मी भरल्या पोटी रागावणारा माणूस, उपाशी पोटी माझा राग टिकत नाही. सकाळी मी मुकाट्याने मास्तरांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ते भडकतील. पण पलटणीत असली रडगाणी त्यांनी पुष्कळ ऐकली असावीत. त्यांनी पेटीच्या तळातून दुसरी वाटी काढली. ती नळीपाशी तुटून दोन तुकडे झालेली होती. "ही जोडून आना. ज्याची त्याची वाटी, ज्याचं त्याचं तोंड. मले बिगूल ऐकू आला पाह्यजे, बस."

जोडायला न्यायची कुठे? कल्हईवाल्याकडेच. माझा दोस्त ती घेऊन गेला आणि वडिलांकडून डाख, म्हणजे वितळलेलं कथील, लावून, घासून पुसून चकचकीत करून घेऊन आला. माझ्या हातात ठेवली आणि विचारलं, "काऊन रे, माह्या तोंडाले वास येते का?"

"तुह्या तोंडाले नाई. आमच्या घराले येते," मी म्हणालो.

तो हसला. पण पुढचे काही दिवस नेहमीपेक्षाही कमी बोलला. मला त्याचं फार वाईट वाटलं, आणि ते त्याला कसं सांगावं ते कळत नव्हतं. मी आपला माझ्या वाटणीचा गुळाचा खडा त्याच्या खिशात कोंबायचो.

पौष लागता लागता आम्ही बरे वाजवायला लागलो. संमेलनाचा दिवस ठरला. बुलढाण्याहून मोठे साहेब मोटारीतून येणार होते, बक्षिसं वाटणार होते आणि आमचा बँड पहिल्यांदा लोकांपुढे उभा राहणार होता. ही बातमी जशी गावात पसरली तशी ती घाट उतरून मोताळ्याच्या बाजारातही गेली. तिथं धामणगावच्या एका कापूस व्यापाऱ्यानं वडिलांना भर बाजारात विचारलं, "काय हो, तुमचा पोरगा चिखलीले बाजा वाजवून राह्यला म्हनते?"

आमच्या गावात वाद्य वाजवणारी घरं ठरलेली होती. लग्नात ते वाजवत पुढे चालायचे आणि जेवायला सगळ्यांच्या शेवटी, मांडवाबाहेर बसायचे. जमीनजुमला असलेल्या घरातल्या पोरानं तोंडाला पिपाणी लावणं म्हणजे घराची इज्जत वेशीवर टांगणं. वडिलांनी गाडीवानाकडून मावशीला निरोप धाडला. संमेलनाला मी जातीनं येतो. पोराला वाजंत्री केलं असेल तर त्याची कपड्यांची पेटी गाडीला बांधून त्याला परत आणतो. शाळा पुरे झाली, वखर धरील.

वडील बोलले म्हणजे ते झालंच. मला वखर धरायची लाज नव्हती, पण मला मॅट्रिक व्हायचं होतं. शाळेवर माझा जीव होता आणि बिगुलावर त्याहून जास्त होता. रात्र रात्र झोप लागली नाही असं म्हणणार नाही, कारण मी छान झोपायचो. मला एकच वाटत होतं, की वडिलांनी मला एकदा ऐकावं. ऐकल्यावर ते नाही म्हणूच शकणार नाहीत. एवढी खात्री मला नंतर आयुष्यात कशाचीच वाटली नाही.

संमेलनाच्या आदल्या दिवशी रंगीत तालीम झाली. मास्तरांनी ठरवून दिलं की पोरांना रांगेत बोलवायचा इशारा माझ्या दोस्तानं द्यायचा, आणि साहेब आले की सलामी मी द्यायची. तालमीत घाईघाईत त्यानं चुकून माझी वाटी लावून इशारा दिला. मास्तरांनी त्याच्या डोक्यात टपली मारली, आम्ही हसलो, झालं. घरी येऊन तालमीचं सगळं वर्णन मी मावशीला रंगवून सांगितलं आणि त्या भरात हेही सांगून टाकलं. मावशीनं एकदा माझ्या वाटीच्या पिशवीकडे पाहिलं. दिवस कलता कलता वडील येऊन पोचले होते. त्यांनी ओसरीवर पथारी टाकली. त्यांच्या गाडीत पेटी बांधायचा नवा दोर होता, तो मला येता जाता दिसत होता.

सकाळी मी आंघोळ करून आलो तर मावशी चुलीपुढे बसलेली. हातात चिमटा. चिमट्यात वाटीची नळी, आणि वरचा गोल खाली निखाऱ्यांत पडलेला. राखेत डाखाचा एक चमकता थेंब. मी पिशवीत बघितलं. पिशवी रिकामी होती.

"चोख व्हाले म्हनून ठेवली रे," मावशी म्हणाली. "मले काय मालूम, सुटते म्हनून. मोठा दिवस तुहा. उष्ट्या तोंडानं कसा जाशीन म्हनलं."

आणि ती रडायला लागली. मी तिला तोवर रडताना पाहिलं नव्हतं. दुसरा कोणताही दिवस असता तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण तिचा तो चेहरा पाहून मी तिच्याजवळ खाली बसलो. तिनं वाईट काही केलंच नव्हतं. तिच्या जवळ जे सगळ्यात चांगलं होतं ते तिनं माझ्या वाटीला दिलं होतं. मी तिच्या पदराने तिचे डोळे पुसले, दोन्ही तुकडे निववून खिशात टाकले आणि शाळेत गेलो.

मास्तरांनी तुकडे पाहिले, माझ्याकडे पाहिलं, आणि कारण विचारलं नाही. "ठीक हाय," माझ्या दोस्ताकडे बोट करून ते म्हणाले. "इशाराही हाच देईल, सलामीही हाच. तू बाजूले उभा राह्य."

बरोबरच होतं त्यांचं. एकाला ताप आला तर दुसरा पाहिजे. पण वडील समोरच्या बाकावर बसलेले होते, पांढरा फेटा, दोन्ही हात काठीवर. बाजूला उभं राहायला मी एवढ्या चुली पेटवल्या नव्हत्या. माझ्या दोस्तानं मास्तरांना म्हटलं, "वाटी माही हाय ना मास्तर? मंग मी देतो त्याले."

 मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "तू सांग."

मी भिंतीकडे पाहिलं. तिथं बाया बसल्या होत्या आणि त्यांत मावशी होती. डोळे सुजलेले, पण आली होती. मी म्हणालो, "मी वाजवतो."

साहेबांची मोटार फाटकाशी आली तसा माझ्या दोस्तानं इशारा दिला. स्वच्छ, सरळ सूर. सूर त्याचा चांगला होता हे मी मान्य करतो, दम माझा मोठा होता हे त्यानं मान्य करावं. पोरं धावत येऊन रांगेत उभी राहिली. त्यानं ओठांवरून बिगूल काढला आणि सगळ्या मैदानासमोर, जसाच्या तसा, माझ्यापुढे धरला. कोणाच्या तोंडातून काढून कोणाच्या हातात गेला ते समोरच्या प्रत्येक माणसानं बघितलं. मावशीनं बघितलं. वडिलांनी बघितलं. माझ्या खिशात फडकं होतं. वाटी पुसून घ्यायची हा तर मास्तरांचाच नियम. पण त्या वेळी मी पुसली असती तर त्या पुसण्याचा अर्थ सगळ्या चिखलीनं वेगळा लावला असता, आणि सगळ्यात आधी त्यानं लावला असता. मी पुसली नाही. ओठांना वाटी गरम लागली. मी पोटातून हवा घेतली आणि सलामी दिली.

खोटं कशाला सांगू, चांगली दिली. जिथं उंच जायचं तिथं उंच गेलो, जिथं थांबायचं तिथं थांबलो. मागून ड्रम उठले आणि सरकीच्या पोत्यांवर महिनोन्‌महिने मुकी राहिलेली ती पोरं एका ठोक्यात वाजली. मोहरमवाला पोरगाही पुढे पळाला नाही. साहेब फाटकातच उभे राहिले आणि त्यांनी टोपीला हात लावला. त्या टोपीच्या हातापेक्षा मला वडिलांचा फेटा दिसत होता. तो हलला नाही.

कार्यक्रम संपला. बक्षिसं वाटून झाली. आम्ही वाद्यं पुसत बसलो होतो तेव्हा वडील काठी टेकत आमच्याकडे आले. पोरं उठून उभी राहिली. वडिलांनी माझ्या दोस्ताच्या हातातल्या बिगुलाकडे बोट दाखवलं.

"ही वाटी कोनाची?"

"याची," मी म्हणालो.

"अन् तुही कुठं हाय?"

मी खिशातून दोन तुकडे काढून तळहातावर धरले. "मावशीनं चोख कराले चुलीत ठेवली. सुटली."

वडील तुकड्यांकडे बघत राहिले. काय चाललं होतं त्यांच्या मनात, मी आजवर अंदाज करतो. मग त्यांनी काठी माझ्याकडे दिली, दोस्ताच्या हातातून बिगूल घेतला, इकडून तिकडून फिरवून पाहिला. मला वाटलं आता फेकतात. त्यांनी तो तोंडाला लावला.

त्यांनी मोठा श्वास घेतला, दोन्ही गाल फुगले, डोळे बाहेर आले, आणि बिगुलातून नुसती हवा गेली. पुन्हा फुंकलं. पुन्हा हवा. चिखलीच्या भर मैदानात फेटा बांधलेला माझा बाप लाल होऊन उभा होता आणि हसायची कोणाची छाती नव्हती. तेव्हा माझा कमी बोलणारा दोस्त सवयीनं बोलून गेला.

"गाल नका फुगवू काकाजी. हवा पोटातून आली पाह्यजे."

वडिलांनी त्याच्याकडे पाहिलं. मग गाल आत घेतले, एकदम शिकाऊ पोरासारखे, आणि पोटातून फुंकलं. एक बारीक, वाकडा सूर निघाला आणि विझला. वडिलांनी बिगूल दोस्ताच्या हातात परत दिला, दोन्ही हातांनी दिला. त्यांचे ओठ ओले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"अवघड हाय," ते म्हणाले.

मग माझ्याकडून काठी घेतली. "मी बैल जुपतो. तू राह्य इथंच."

दोर जसा आला तसाच गाडीत पडून परत गेला. मी घाटाच्या रस्त्याला गाडी लागेपर्यंत मागे मागे चालत गेलो आणि परत येताना एकटाच मोठ्याने गात आलो, लाज वाटली नाही.

मावशीचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी ती वाटीचे तुकडे पदराला बांधून बाजारामागच्या गल्लीत गेली, जिथं ती जन्मात कधी गेली नव्हती. मी तिच्या सोबत होतो म्हणून मला माहीत. उंबऱ्याबाहेर उभी राहून ती कल्हईवाल्याला म्हणाली, "भाऊ, डाख असा दे का इस्तवातबी सुटला नाई पाह्यजे."

कल्हईवाला भात्यावरून हात न काढता हसला. "देतो बाई. पन पोरं मोठे होऊन राह्यले. किती डाव तापवशीन?"

 वाटी जोडून आली ती पक्की आली. मावशीनं ती पुन्हा चुलीत घातली असती की नाही, सांगता येणार नाही, कारण मी ती शाळेतच ठेवायला लागलो. तोवर वेगळा ठेवला जाणारा माझा शाळेचा सदरा मात्र त्यानंतर खुंटीवर बाकीच्या कपड्यांसोबतच टांगला जायला लागला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी धामणगावला गेलो. वडिलांनी बिगुलाचा विषय काढला नाही, मीही काढला नाही. एका सकाळी मी आईजवळ बसलो होतो. ती जात्यावरचं पीठ गोळा करत होती. इकडेतिकडे बघून, आवाज खाली आणून तिनं विचारलं, "चिखलीले काय झालं रे? तुहे वडील पहाटीच्या पारी चुलीपाशी येऊन बसते आताशा. फुंकणी घेते, गाल आत ओढते, अन् फुकत राह्यते. मी म्हनते अहो, इस्तू तं कवाचाच पेटला."